एका मापाचा दगड आणि न कोरलेली नावे

स्कॉटलंडच्या दक्षिणेला ट्वीड नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत, जुन्या झाडांच्या दाटीत ड्रायबर्ग मठाचे अवशेष उभे आहेत. इ.स. ११५० मध्ये ह्यू द मोरव्हिल या सरदाराच्या आश्रयाने पांढरी वस्त्रे घालणाऱ्या ख्रिस्ती साधूंनी हा मठ वसवला. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेलगत असल्यामुळे दोन्ही राज्यांच्या वैराचे चटके त्याला पुन्हा पुन्हा बसले. १३२२ मध्ये परतणाऱ्या इंग्रज फौजेने तो जाळला, १३८५ मध्ये पुन्हा जाळला आणि १५४४ च्या स्वारीनंतर तो सावरलाच नाही. आज तिथे लालसर दगडांच्या भिंती आहेत, कमानी आहेत, वर उघडे आकाश आहे. चर्चच्या उत्तरेकडच्या भुजेचा तेवढा तुकडा बऱ्यापैकी शाबूत राहिला आहे आणि त्याच्या आडोशाला दोन प्रसिद्ध माणसे विसावली आहेत. एक कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट, ज्यांना १८३२ मध्ये इथे पुरले. दुसरे फील्ड मार्शल डग्लस हेग, पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैन्याचे सरसेनापती. लंडनमध्ये २९ जानेवारी १९२८ रोजी त्यांचे निधन झाले, वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या इतमामाने प्रार्थना झाली आणि मग त्यांना या भग्न मठात आणले गेले. युद्धाने पाडलेल्या वास्तूत युद्धाच्या सेनापतीची कबर आहे, एवढ्यानेही माणूस तिथे क्षणभर थबकेल. पण खरे लक्ष द्यायला हवे ते त्या कबरीवरच्या दगडाकडे.

तो दगड अगदी साधा आहे. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये मेलेल्या लाखो शिपायांच्या डोक्याशी जसा दगड उभा आहे, तसाच हा. त्या दगडाचे माप ठरलेले असते: उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी सुमारे ३८ सेंटिमीटर, माथ्याला हलकीशी गोलाई. वर पलटणीचे चिन्ह, खाली क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय आणि धर्माची खूण. हेग यांना सरकारने अर्ल ही पदवी दिली होती, एक लाख पौंडांचे बक्षीस दिले होते आणि बेमरसाइड हे त्यांच्या घराण्याचे जुने ठाणे लोकवर्गणीतून विकत घेऊन त्यांना नजर केले होते. त्यांच्यासाठी संगमरवरी चौथरा आणि घोड्यावरचा पुतळा उभा राहिला असता तरी त्या काळात कुणाला नवल वाटले नसते. शिवाय युद्धमृतांच्या नियमात ते बसतही नव्हते. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू आपल्या कक्षेत घेतले होते. हेग १९२८ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या कबरीवर शिपायाचा दगड बसवण्याची सक्ती कुणावर नव्हती. तो निवडला गेला. शिपायाच्या दगडाइतका मान दुसऱ्या कशात नाही, असे १९२८ पर्यंत सरदार-उमरावांनाही वाटू लागले होते, हे या निवडीतून दिसते. त्याआधी दहा वर्षे हेच कुणी सुचवले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

हा दगड आला कुठून, हे समजून घेतले पाहिजे. १९१४ पूर्वीच्या युरोपीय लढायांत साधा शिपाई बहुधा सामाईक खड्ड्यात जाई आणि स्मारक सेनापतीचे उभे राही. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर नावाचे गृहस्थ रेडक्रॉसच्या एका गाडीपथकाबरोबर फ्रान्समध्ये होते. मेलेल्यांच्या कबरींची नोंद कुणी ठेवत नाही हे पाहून त्यांनी ती ठेवायला सुरुवात केली. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे नातू, लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन, आघाडीवर मारले गेले आणि वजन वापरून त्यांचा मृतदेह मायदेशी नेण्यात आला. हजारो गरीब घरांतली मुले मात्र तिथल्याच चिखलात राहणार होती. त्यानंतर मृतदेह घरी नेण्यावर बंदी आली. जो जिथे पडला तिथेच, आपल्या सोबत्यांबरोबर राहील, असे ठरले. २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने युद्धकबर आयोग स्थापन झाला आणि ब्रिटिश म्युझियमचे संचालक सर फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ च्या अखेरीस आपला अहवाल दिला. त्याचे सार असे: प्रत्येक मृताचे नाव कबरीवर किंवा स्मारकावर कोरले जाईल, दगड कायमचा असेल, सगळ्यांचा एकसारखा असेल, आणि हुद्दा, वंश किंवा धर्म पाहून त्यात फरक केला जाणार नाही. हुद्दा दगडावर लिहिला जाई, पण त्यामुळे दगड बोटभरही वाढत नसे.

आज हे सहज पटते. तेव्हा मात्र त्यावरून ब्रिटनमध्ये मोठी खळबळ उडाली. आपल्या मुलाच्या कबरीवर काय असावे हे सरकारने का ठरवावे, असा आईबापांचा प्रश्न होता. या युद्धात तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी हजारो सह्यांचा अर्ज प्रिन्स ऑफ वेल्सकडे धाडला. निदान दगडाऐवजी क्रूस तरी उभारू द्या, एवढीच त्यांची विनंती होती. ४ मे १९२० रोजी पार्लमेंटात यावर चर्चा झाली. या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुःख ज्याचे त्याचे असते, आणि सरकारी मापाचा दगड त्या दुःखाला परका वाटू शकतो. पण मोकळीक दिली असती तर काय झाले असते, याचाही विचार करायला हवा. श्रीमंताच्या मुलावर कोरीव क्रूस चढला असता, खाणकामगाराच्या मुलावर लाकडी पाटी राहिली असती आणि दोन पावसाळ्यांत कुजली असती. एकाच खंदकात, एकाच तोफगोळ्याने मेलेली दोन माणसे मेल्यावर पुन्हा उच्च-नीच झाली असती. आयोगाने कुटुंबांसाठी दगडाच्या तळाशी जागा ठेवली: जास्तीत जास्त ६६ अक्षरांत आपल्या मनातले एखादे वाक्य. माप सगळ्यांचे एक आणि तळाची ओळ ज्याची त्याची, हा तोडगा मला आजही न्याय्य वाटतो. पंतप्रधान ॲस्क्विथ यांचा मुलगा रेमंड १९१६ मध्ये सोमच्या लढाईत पडला. त्याची कबर फ्रान्समध्ये इतर शिपायांच्या ओळीतच आहे, त्याच मापाच्या दगडाखाली.

ड्रायबर्गच्या दगडाविषयी मात्र एक वेगळा, जास्त बोचरा आक्षेप घेतला जातो. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या पहिल्याच दिवशी, हेग यांच्या सैन्यातले ५७,४७० जण मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मेले. पुढच्या वर्षी पॅशनडेलच्या चिखलात पुन्हा तसाच संहार झाला. ज्यांच्या आज्ञेने ही माणसे गेली, त्यांनी मरणोत्तर त्यांच्याच रांगेतला दगड घ्यावा, हे काहींना दांभिक वाटते. शिवाय दगड शिपायाचा असला तरी जागा शिपायाची नाही. घराण्याच्या हक्काची, आठ शतकांच्या मठातली, स्कॉटसारख्या लेखकाच्या शेजारची जागा कुठल्या शिपायाला मिळाली? हेग यांच्या युद्धनीतीवर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. खंदकांच्या युद्धात दुसरा मार्ग फारसा नव्हता असे काही मानतात, तर काही त्यांना माफ करायला तयार नाहीत. पण दगड कुणाला माफी देत नाही आणि दोषही लावत नाही. तो एवढेच सांगतो की मेल्यानंतर या माणसाला इतरांहून अधिक दगड मिळणार नाही. हेग यांचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकात मांडायचा आहे, थडग्यावर नव्हे. जागेविषयीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि त्यातूनच खरा प्रश्न पुढे येतो. माप सारखे केले म्हणजे समता झाली का? ती झाली की नाही हे पाहायचे तर सेनापतीचा दगड किती लहान आहे यापेक्षा शेवटच्या शिपायाचे नाव कोरले आहे की नाही, हे तपासले पाहिजे.

हा तपास आपल्याला थेट हिंदी सैन्याकडे नेतो, आणि हेग यांचा त्याच्याशी जवळचा संबंध होता. तरुणपणी ते आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर भारतात आले, १९०३ पासून तीन वर्षे इथल्या घोडदळाचे महानिरीक्षक होते आणि १९०९ ते १९११ या काळात भारतीय सैन्याच्या मुख्यालयात प्रमुख अधिकारी होते. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल या गावावर हल्ला झाला तेव्हा हिंदी कोअर त्यांच्याच फर्स्ट आर्मीत होती. त्या तीन-चार दिवसांत हिंदी कोअरचे सुमारे ४,२०० जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, याच गावात खडकीहून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या घराघरांतून लढल्या होत्या. त्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. खंदक खणणे आणि पूल बांधणे हे ज्यांचे काम, ते संगिनी लावून पुढे गेले आणि त्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. आज न्यव्ह शापेलला हर्बर्ट बेकर यांनी रचलेले हिंदी सैन्याचे वर्तुळाकार स्मारक आहे. १९२७ मध्ये त्याचे अनावरण झाले. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे त्यावर आहेत आणि त्यात साध्या शिपायाचेही नाव आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, तिथे १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची घुमटी उभारली गेली. इंग्रजही तिला ‘छत्री’च म्हणतात. वानवडीची शिंदे छत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. थोडक्यात, युरोपात आयोगाने आपला शब्द बऱ्याच अंशी पाळला.

पण मराठी मुलखातून गेलेल्या पलटणींतल्या कितीतरी जणांचा अंत युरोपात झाला नाही. तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाला. बसऱ्याहून बगदादच्या दिशेने निघालेल्या सैन्याचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीकाठच्या कूट गावात वेढली गेली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शस्त्रे खाली ठेवली. शरण गेलेल्या सुमारे १३ हजारांत बहुसंख्य हिंदी होते. वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत त्यातले कितीतरी मेले. या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्याच्या एका फलकासमोर आपण उभे आहोत अशी कल्पना करावी. वर पलटणीचे नाव. त्याखाली अधिकाऱ्यांची नावे, ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. आणि त्यानंतर, जिथे नाईक, लान्सनाईक, शिपाई अशी नावांची रांग लागायला हवी, तिथे फक्त एक आकडा: याखेरीज इतके हिंदी सैनिक. ओळ तिथेच संपते. फ्रान्समध्ये ज्या आयोगाने शिपायाच्या नावातले एकेक अक्षर मोजून कोरले, त्याच आयोगाने इथे हजारो माणसे बेरजेत घातली.

या फरकाची धार पुण्याजवळच्या खडकीत अधिक जाणवते. तिथल्या युद्धस्मशानभूमीत पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. त्यावर भारतात मेलेल्या आणि जुन्या छावण्यांच्या दफनभूमीत पुरलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्या मूळ कबरींची निगा राखणे शक्य राहिले नाही, तेव्हा नावे तरी टिकावीत म्हणून हे स्मारक केले गेले. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतल्या ६२९ जणांचे अवशेष तर एप्रिल १९६२ मध्ये खडकीला आणून पुन्हा पुरण्यात आले. भारत स्वतंत्र होऊन जवळजवळ पंधरा वर्षे झाली होती, तरीही मुंबईत तापाने मेलेल्या इंग्रज शिपायाचे नाव आयोगाने हरवू दिले नाही. हे योग्यच झाले. त्या कुणा इंग्रज आईच्या मुलाबद्दल आपल्या मनात आकस असण्याचे कारण नाही. पण याच पुणे परिसराचे नाव लावणाऱ्या डिव्हिजनमधून गेलेला मराठा शिपाई बसऱ्याच्या भिंतीवर आकडा होऊन राहिला. एकाचे नाव शिवडीहून खडकीपर्यंत जपून नेले गेले, दुसऱ्याचे कोरलेच गेले नाही.

यावर जुन्या काळापासून दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की हिंदू शिपायाचे दहन होते, त्याच्या समाजात थडग्याची रीतच नाही, म्हणून नावाच्या दगडाचे त्याला काय महत्त्व? आफ्रिकी सैनिकांबद्दलही साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनी, त्या लोकांना दगडाचे मोल कळणार नाही, असे लिहून ठेवले होते. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हे पटणार नाही. देह अग्नीला दिला तरी स्मृती दगडावर ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. गावाच्या वेशीवरचे, देवळाच्या अंगणातले वीरगळ पाहावेत: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. कुणी म्हणेल, बहुतेक वीरगळांवर नाव कुठे असते? खरे आहे. पण वीरगळ ज्या गावचा वीर त्या गावातच उभा राही. तो कुणाचा हे गावाला ठाऊक असे आणि त्याला शेंदूर लावणारे हात जवळ असत. परमुलखातल्या भिंतीवर ती ओळख सांगायला कुणी नसते. तिथे नाव हीच ओळख. शिवाय न्यव्ह शापेलला हिंदू शिपायाचे नाव कोरताना ही अडचण आली नव्हती. दुसरे स्पष्टीकरण कागदपत्रांचे: नोंदी नीट नव्हत्या, युद्धात गहाळ झाल्या. काही ठिकाणी हे खरे असेल. पण पगारपत्रकावर शिपायाचे नाव असते, मृत्यूनंतर घरी पैसे पाठवायचे तर नाव, गाव, वारस लागतात. सैन्याला पैशांच्या हिशेबासाठी जे नाव सापडत होते, ते स्मृतीसाठी शोधायचे कष्ट घेतले गेले नाहीत. मला यामागचे कारण साधे वाटते. फ्रान्समधले स्मारक युरोप पाहणार होता. बसऱ्याचे स्मारक पाहायला कोकणातून किंवा साताऱ्याहून शिपायाची आई येणार नाही, हे ठरवणाऱ्यांना माहीत होते.

हा केवळ आपला तर्क नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ हजार ते ५४ हजार जणांना, त्यात हिंदी सैनिक मोठ्या संख्येने, इतरांच्या बरोबरीची स्मृती मिळाली नाही, असे त्यात म्हटले आहे. याशिवाय मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोक नावानिशी, किंवा मुळीच, स्मरले गेले नाहीत. आयोगाने माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात ती उच्चारली आणि नावे शोधण्याचे काम हाती घेतले गेले. शंभर वर्षांनंतर याचा काय उपयोग, जिवंतांचे प्रश्न थोडे आहेत का, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण नाव कोरायला फारसे लागत नाही. लागते ती शोधण्याची चिकाटी. आणि ज्या संस्थेने वंश न पाहण्याचा शब्द दिला, तिने तो पुरा करणे ही मेहरबानी ठरत नाही, ती देणे फेडते आहे.

या शोधात आपला वाटा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर ‘मिलिटरी’ अपशिंगे म्हणूनच ओळखतात. त्या युद्धात गावातले ४६ जण कामी आले, असे तिथे सांगतात. या पाट्यांवरही बहुधा आकडाच असतो, बसऱ्यासारखाच. फरक एवढा की इथे आकड्यामागची नावे अजून हाताशी असू शकतात: जुन्या पेटीतल्या पदकाच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकात, पेन्शनच्या कागदात, पणजीच्या तोंडून ऐकलेल्या ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ या वाक्यात. ग्रामपंचायतीने, शाळेने, इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ती उतरवून घेतली तर आकड्याची पुन्हा माणसे होतील. ड्रायबर्गच्या भग्न भिंतीखाली फील्ड मार्शलने शिपायाचा दगड घेतला, हे चांगलेच झाले. त्या दगडाने दिलेला शब्द पुरा व्हायचा तर पूना डिव्हिजनमधून कूटला गेलेल्या शेवटच्या शिपायाचे नाव, त्याच्या गावासह, कुठेतरी वाचता आले पाहिजे.